त्यानं फक्त पाकीट उचललं होतं: अमेरिकेतलं 'कॉन्स्पिरसी' प्रकरण

ओसरी

गेल्या दोन महिन्यांत मला भारतातून तीन फोन आले. घरं वेगळी, प्रकरण एकच: फोनवरून म्हाताऱ्यांना फसवणाऱ्या टोळीसाठी पैशांचं पाकीट उचललं म्हणून अमेरिकेत पकडलेला पोरगा. प्रश्नही एकच. "अगं, त्यानं कुणाला फोन केला नाही की धमकावलं नाही. सांगितलेल्या पत्त्यावर गेला आणि पाकीट घेऊन आला. मग 'कॉन्स्पिरसी'चं, म्हणजे कटाचं, एवढं मोठं कलम कसं काय लावलं?"

मी वकील नाही. टेक्सासमध्ये फौजदारी बचावाचं काम करणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात अकरा वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, होते. तेव्हा हा कायदेशीर सल्ला नव्हे, त्या टेबलावरून जे दिसलं ते सांगतेय. आणि बोलतेय फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाबद्दल. पाकीट उचलण्याची पुष्कळ प्रकरणं राज्याच्या कोर्टात चालतात, तिथला कारभार निराळा.

आरोपपत्राच्या (इथे 'इंडाइटमेंट' म्हणतात) पहिल्याच पानावर 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध' आणि खाली पोराचं नाव. ते पाहूनच घरच्यांचे पाय लटपटतात. अख्खा देश आपल्या बंटीच्या विरोधात! पण ते नुसतं शीर्षक आहे, आपल्याकडे 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असतं तसं. खरं वाचायचं ते 'काउंट वन', म्हणजे पहिला आरोप. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं की आरोपी, आणि ग्रँड ज्युरीला (आरोप ठेवायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) ज्ञात व अज्ञात असलेल्या इतर व्यक्ती, जाणूनबुजून एकत्र आल्या, त्यांनी कट केला, संगनमत केलं आणि त्या सहमत झाल्या. एकाच गोष्टीला चार क्रियापदं. त्यातलं शेवटचं महत्त्वाचं: सहमती.

इथे कट हा स्वतंत्र गुन्हा आहे. ठरलेलं काम फसलं तरी कट झालाच, आणि काम तडीस गेलं तर त्या गुन्ह्याच्या जोडीला कटाचा आरोप वेगळा. करार लेखी लागत नाही, तोंडीसुद्धा लागत नाही. सगळ्यांनी एकमेकांना पाहिलेलं असण्याचीही गरज नाही. बेकायदा काहीतरी चाललंय हे माहीत असताना त्यात हात घालायला तयार होणं, एवढं सिद्ध झालं की पुरे. म्हणून "मी फोन केला नाही" हे या कलमाला उत्तरच होत नाही. फोन करण्याचा आरोप त्याच्यावर नसतोच.

कलमंही एकसारखी नाहीत. ३७१ हे सर्वसाधारण कटाचं. त्यात कमाल पाच वर्षं, आणि टोळीतल्या कुणा एकाने तरी काहीतरी प्रत्यक्ष पाऊल उचललेलं दाखवावं लागतं. ते पाऊल बेकायदा असायची गरज नाही, सिमकार्ड विकत घेणंही चालतं. १३४९ हे फसवणुकीच्या कटाचं, २००२ मध्ये आलेलं. त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, म्हणजे वायर फ्रॉडचा (फोन, इंटरनेट वापरून केलेल्या फसवणुकीचा) कट असेल तर २० वर्षांपर्यंत. अमली पदार्थांच्या कटाला (८४६) तर प्रत्यक्ष पावलाचीही गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलं. मनी लाँडरिंगच्या कटाबद्दल तेच २००५ मध्ये.

शिक्षेचं गणित पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

अबोली०७

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

भाईंदर_फास्ट

आमच्या मीरा रोडची आठवण झाली. ऑक्टोबर २०१६. ठाणे पोलिसांनी रात्री धाड टाकली, सातशेहून जास्त पोरं ताब्यात, ७० जणांना अटक. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक जण तिथे होता. घरी सांगायचा, अमेरिकन कंपनीत 'कलेक्शन'ला आहे. त्याला वाटायचं आपण स्क्रिप्ट वाचतो, बस. त्याच महिन्यात ह्यूस्टनला खटला उघड झाला ना? तोच का तो?

ओसरी

@भाईंदर_फास्ट, पेपरांनी तेव्हा दोन्हीची खिचडी केली होती. ह्यूस्टनचं आरोपपत्र २७ ऑक्टोबर २०१६ ला उघड झालं. ६१ आरोपी, त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरं. तऱ्हा तीच: आयकर खात्यातून किंवा इमिग्रेशनमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक.

ह्या धाग्यासाठी तो खटला मुद्दाम बघण्यासारखा आहे. फोन करणारे भारतात होते, पण आधी शिक्षा झाली ती अमेरिकेत राहून पैसे उचलणाऱ्यांना. त्यांना आरोपपत्रात 'रनर' म्हटलंय. दुसऱ्यांच्या चोरलेल्या माहितीवर नोंदवलेली रिलोड कार्डं (पुन्हा पुन्हा पैसे भरता येणारी प्रीपेड कार्डं) वापरायची, त्यावर आलेले पैसे काढून पुढे सरकवायचे. २०१८ च्या जुलैपर्यंत २४ जणांना शिक्षा झाली होती, सगळ्यात वरची २० वर्षं. अहमदाबादच्या एका सूत्रधाराला २०१९ मध्ये सिंगापूरहून आणलं, २०२० मध्ये त्यालाही २० वर्षं. आणि ओळख पटलेल्या पीडितांना भरपाई ८९ लाख ७० हजार ३९६ डॉलर.

काळा_कोट

ठाण्यात फौजदारी वकिली करतो. ताईंनी छान मांडलंय. आपल्याकडेही कट हा स्वतंत्र गुन्हाच आहे. आधी भादंवि १२०-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६१. 'ज्ञात व अज्ञात' वाचून हसू आलं, आमच्या एफआयआरमधले 'इतर अनोळखी इसम' तिकडेही पोचले म्हणायचे. एक विचारतो. एकाने केलेल्या प्रत्येक गुन्ह्याची जबाबदारी तिकडे सगळ्यांवर टाकतात असं ऐकलंय. खरं का?

ओसरी

खरं, पण 'प्रत्येक' नाही. त्याला पिंकर्टन नियम म्हणतात. पिंकर्टन हे दोन सख्खे भाऊ, वॉल्टर आणि डॅनियल. दारूवरचा कर बुडवायचा त्यांचा धंदा. वॉल्टरने त्यातले काही गुन्हे केले तेव्हा डॅनियल तुरुंगात बसलेला. तरी १९४६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला त्या गुन्ह्यांसाठीही दोषी धरलं. कट चालू होता, गुन्हे त्याच कटासाठी झाले, आणि असं काही होणार याचा अंदाज कुणालाही आला असता, म्हणून.

तुरुंगात गेलो म्हणजे कटातून बाहेर पडलो असंही होत नाही. २०१३ च्या स्मिथ खटल्यातला आरोपी कटाची शेवटची सहा वर्षं आतच होता. कोर्ट म्हणालं, बाहेर पडलास हे तूच सिद्ध कर. त्यासाठी साथीदारांना स्पष्ट सांगणं किंवा पोलिसांना कळवणं असं काहीतरी ठोस लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपमधून गुपचूप 'लेफ्ट' होऊन भागत नाही. आमच्या ऑफिसात एका पोराने अगदी हेच सांगितलं होतं, वर स्क्रीनशॉटही दाखवला होता.

जर्सीकर

मला ह्या पोरांची फार दया येत नाही, स्पष्ट बोलतो. आमच्या गल्लीत एक ऐंशीच्या पुढची बाई आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तिला सांगितलं, तुझं खातं हॅक झालंय, सगळं सोन्यात बदल, सरकारी माणूस येऊन सुरक्षित ठेवायला घेऊन जाईल. माणूस आला. विशीतला, आपल्याच रंगाचा, 'मॅम मॅम' करत. तिने त्याला पाणीसुद्धा दिलं. आता ती दारावरची बेल वाजली की लाइट घालवून बसते. ह्याला 'फक्त पाकीट' म्हणायचं?

ओसरी

@जर्सीकर, नाही म्हणायचं. शीर्षक माझं मत नाही, घरच्यांचं वाक्य आहे.

आणि नेमका तोच प्रश्न ज्युरीसमोर येतो. सोळा हजार डॉलरची पेटी अनोळखी म्हातारीकडून घ्यायची, आत काय आहे ते विचारायचं नाही, खोटं नाव सांगायचं, प्रत्येक फेरीचे पाचशे मिळणार. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. त्यासाठी न्यायाधीश ज्युरीला एक खास सूचना देऊ शकतात, वकील मंडळी तिला 'शहामृगी सूचना' म्हणतात. शंका येऊनही मुद्दाम डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं असेल तर 'माहीत नव्हतं' हा बचाव टिकत नाही.

पण उलट बाजूही सांगते. नुसतं तिथे असणं, नुसती ओळख असणं, एका खोलीत राहणं, यावरून कट सिद्ध होत नाही. रूममेट असलेल्या दोन पोरांपैकी एकावरचा आरोप आमच्या डोळ्यांसमोर मागे घेतला गेलाय.

चिंचोका

बारक्या मुलाला मोठ्या टोळीत ओढायचं हे सरकारी वकिलाला नेहमीच जमतं का? म्हणजे वरचा एक दलाल, त्याच्या हाताखाली दहा पोरं, कुणाचा कुणाला पत्ता नाही. हा एकच कट की दहा?

ओसरी

वा, लाख मोलाचा प्रश्न. हेही १९४६ चंच, कोटियाकोस खटला. ब्राउन नावाचा एक दलाल लोकांना खोटी माहिती भरून सरकारी हमीची घरकर्जं मिळवून द्यायचा. ३२ जणांवर मिळून एकाच कटाचा आरोप. सुप्रीम कोर्टाने बघितलं तर कर्ज घेणाऱ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एकाला कर्ज मिळालं काय न मिळालं काय, दुसऱ्याला फरक पडत नाही. म्हणजे कट एक नव्हे, आठ किंवा जास्त. शिक्षा रद्द झाल्या.

तिथे चाकाची उपमा आहे, ती आपल्या बैलगाडीवरून लगेच कळते. मधला तुंबा म्हणजे दलाल, आरे म्हणजे पोरं. आता ह्या आऱ्यांना बाहेरून बांधणारी धाव आहे का? धाव नसेल तर ते चाक नव्हे, तुंब्यात खोचलेल्या काठ्या. बचावाचा वकील धाव शोधतो आणि ती नाही असं दाखवायचा प्रयत्न करतो. पैसे एकाच खात्यात जात होते का, एकाच ग्रुपवर पत्ते येत होते का, दुसरीही पोरं आहेत हे ह्याला माहीत होतं का.

कौलारू

धाव! किती वर्षांनी हा शब्द वाचला. आमच्या लोहाराकडे धाव चढवताना पाणी टाकलं की जो चुर्र आवाज यायचा… असो, अवांतर. वाचनखूण साठवली.

तासगावचा_मामा

ताई, तुम्हाला आलेल्या फोनांपैकी एक माझ्या बहिणीचा. हे सगळं आम्हाला लागू आहे. भाच्याने गुन्हा कबूल केला, आता शिक्षेची तारीख आहे. बातमीत 'वीस वर्षांपर्यंत कैद' आलं तेव्हापासून बहीण जेवत नाही. खरंच वीस वर्षं होतात का?

ओसरी

मामा, आधी बहिणीला जेवायला सांगा. सरकारी पत्रकात छापतात तो आकडा कायद्यातला कमाल असतो. प्रत्यक्ष आकडा दुसऱ्याच तक्त्यातून निघतो. आता शिट्टीचं काम नाही, सविस्तर लिहिते.

१९८४ च्या कायद्याने एक आयोग नेमला, त्याचे 'सेंटेन्सिंग गाइडलाइन्स', म्हणजे शिक्षा ठरवायचे नियम, १ नोव्हेंबर १९८७ पासून लागू आहेत. मोठा तक्ता. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या ४३ पातळ्या, आडव्या बाजूला पूर्वीच्या गुन्ह्यांचे ६ रकाने. दोन्ही जिथे भेटतात तिथे महिन्यांचा पल्ला. आधी तो बंधनकारक होता, २००५ च्या बुकर निकालापासून सल्लावजा. न्यायाधीश खाली जाऊ शकतात, वरही. पण हिशेब आधी तिथूनच.

फसवणुकीत सगळ्यात जड पारडं पैशाच्या नुकसानीचं. २०१५ पासूनचा तक्ता घेऊन एका काल्पनिक मुलाचं गणित मांडते (भाच्याचं नाही, त्याचं त्याचा वकील मांडेल). १३४९ खाली वायर फ्रॉडचा कट, सुरुवात ७ पासून. टोळीने एकूण १२ लाख डॉलर लुबाडले. साडेपाच लाखांच्या वर, पंधरा लाखांच्या आत, म्हणून अधिक १४. एखाद्या तरी पीडिताची आर्थिक कंबर मोडली, अधिक २. पीडित म्हातारे आणि सहज फसणारे, अधिक २. झाले २५. भूमिका किरकोळ धरली गेली तर वजा २. गुन्हा कबूल केला, वजा ३. उरले २०. पूर्वीचा गुन्हा नाही म्हणून पहिला रकाना, पल्ला ३३ ते ४१ महिने.

आता तोच मुलगा, पण १२ लाखांऐवजी त्याने स्वतः उचललेल्या तीन पाकिटांचे ४५ हजारच त्याच्या नावावर. ७ अधिक ६ अधिक २ अधिक २, झाले १७. किरकोळ भूमिकेचे वजा २, म्हणजे १५. पातळी १६ च्या खाली गेली की कबुलीचे तीन मिळत नाहीत, दोनच. उरले १३. पल्ला १२ ते १८ महिने.

पोरगा तोच, कलम तेच, आणि फरक पावणेदोन-दोन वर्षांचा. म्हणून मी म्हणते, कलमावर डोकं आपटण्यापेक्षा ह्या एका आकड्यासाठी भांडा. कट सिद्ध झाला म्हणजे टोळीचं सगळं नुकसान आपोआप ह्याच्या डोक्यावर येतं असं नाही. ह्याने नेमकं किती कामात सामील व्हायचं कबूल केलं होतं, ते न्यायाधीशांना आधी ठरवावं लागतं, आणि मग त्या कामातलं अंदाज बांधता येण्यासारखं नुकसानच धरतात. पिंकर्टनपेक्षा ही मोजपट्टी अरुंद आहे. प्रोबेशन ऑफिसर शिक्षेआधी एक अहवाल करतो, त्यात हा आकडा पहिल्यांदा छापून येतो. तिथे हरकत घेतली नाही तर नंतर फार कमी हातात राहतं.

एक खोच. पहिलाच गुन्हा असेल तर २०२३ पासून आणखी दोन पातळ्यांची सूट आहे. फोनवर सगळे तिच्याबद्दल विचारतात. पण 'सहज फसणारे पीडित' ही वाढ लागली की ती सूट जाते. म्हाताऱ्यांना लुटण्याच्या प्रकरणात ती बहुतेकदा हातची निसटते.

अर्धा_शहाणा

आणि मग एक जण माफीचा साक्षीदार होतो आणि बाकीचे लटकतात. आठवा, गांधीखून खटल्यात बडगे माफीचा साक्षीदार झाला, तरी न्या. आत्माचरण यांनी सावरकरांना सोडलं, कारण बडगेच्या म्हणण्याला स्वतंत्र पुष्टी नव्हती. अमेरिकेत हे चालतं?

ओसरी

पुष्टी असलीच पाहिजे असा नियम फेडरल कोर्टात नाही. साथीदाराची साक्ष जपून तोला, अशी सूचना ज्युरीला मिळते, पण तेवढ्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. आणि पूर्ण माफी क्वचित. इथला साक्षीदार बहुतेकदा स्वतःही गुन्हा कबूल करतो. मग सरकारी वकील '५के' नावाचा अर्ज करतात की ह्याची भरीव मदत झाली, शिक्षा कमी करा. तो अर्ज करायचा की नाही हे सरकारच्या हातात. म्हणून आधी तोंड उघडणाऱ्याला भाव जास्त.

संपादक मंडळ

पूर्वसूचना: सावरकर, गांधी, बडगे यांवरचे पुढचे प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर. इथले सात उडवले आहेत.

काळा_कोट

उडवलेल्यांत माझाही एक होता, मान्य. ताई, पॅरोल? आमच्याकडे फर्लो, पॅरोल, चांगल्या वर्तनाची सूट यावर घरच्यांची अर्धी आशा असते.

ओसरी

फेडरलमध्ये पॅरोल नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो बंदच झाला. चांगल्या वर्तनाचे वर्षाला ५४ दिवसांपर्यंत कमी होतात. २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टने तुरुंगातले सुधारणा कार्यक्रम पुरे केले तर आणखी दिवस मिळवता येतात, पण देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश असेल त्याला ते वापरता येत नाहीत. आपल्या पोरांची गाडी अडते ती इथे.

शिक्षा संपल्यावर घरी नाही, इमिग्रेशनच्या ताब्यात. फसवणुकीत पीडितांचं नुकसान १० हजार डॉलरच्या वर असेल तर इमिग्रेशन कायद्यात तो 'ॲग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे देशाबाहेर काढण्याजोगा गंभीर गुन्हा, होतो, कट असला तरी. ग्रीन कार्डही वाचवत नाही. भारतातून १९८५ मध्ये आलेल्या निजहावन यांचा खटला २००९ मध्ये ह्यावरच सुप्रीम कोर्टात गेला. शिक्षा ४१ महिन्यांची, नुकसानीचा आकडा ज्युरीने ठरवलेलाच नव्हता. कोर्ट म्हणालं, शिक्षेच्या वेळी मान्य केलेला आकडा पुरतो. ते हरले. पुढच्याच वर्षी पडिया निकालात मात्र एक बरं झालं. गुन्हा कबूल केल्यास देश सोडावा लागेल का, हे आरोपीला सांगणं वकिलाचं कर्तव्य ठरलं. तेव्हा वकिलाला विचाराच.

अबोली०७

वकिलावरून आठवलं. सरकारी मोफत वकील घ्यावा का? आमच्या नात्यात एकांनी जमीन विकून पैसे पाठवले.

ओसरी

ह्या धाग्यातून एवढं जरी कुणी घेतलं तरी भरून पावले. फेडरल पब्लिक डिफेंडर म्हणजे आपल्याकडे कोर्टाच्या आवारात फाइल घेऊन फिरणारा बिचारा नव्हे. ती माणसं रोज त्याच न्यायाधीशांसमोर, त्याच तक्त्यावर काम करतात. पंधरा वर्षं फक्त ट्रॅफिक आणि घटस्फोट केलेला महागडा देशी वकील त्यांच्यापुढे फिका पडतो. जमीन विकायच्या आधी पोराला विचारा, त्याला नेमून दिलेला वकील कोण आहे.

आणि तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं तरी. विशेषतः मराठीत बोललं तर, कारण तिथे माणूस मोकळा होतो. एका आईने फोनवर विचारलं होतं, "त्या दुसऱ्या मोबाइलचं काय केलंस?" सहा आठवड्यांनी ते वाक्य इंग्रजीत टाइप होऊन आमच्या टेबलावर आलं, वेळेसकट.

जर्सीकर

माझा सूर जरा चढला होता. पण ती भरपाई म्हातारीला कधी मिळते?

ओसरी

कागदावर लगेच, हातात तुटपुंजी. भरपाई बहुतेकदा सगळ्या आरोपींवर मिळून लावतात, म्हणजे सरकार ती कुणा एकाकडूनही पूर्ण वसूल करू शकतं. पण तुरुंगातल्या कामाच्या पगारातून तीन महिन्यांना पंचवीस डॉलरसारखी किरकोळ रक्कम कापली जाणार. तुमच्या शेजारणीने शिक्षेच्या वेळी कोर्टात बोलावं मात्र. तिला तो हक्क आहे, आणि ती बेलची गोष्ट तिच्याच तोंडून आलेली बरी.

तासगावचा_मामा

ताई, गणित दोनदा वाचलं. वकिलाशी बोललो, आमचाही वाद त्या आकड्यावरच आहे म्हणाले. आता त्यांनी घरच्यांची पत्रं मागितली आहेत, न्यायाधीशांसाठी. काय लिहायचं?

ओसरी

पत्र न्यायाधीशांच्या नावे लिहा, पण पाठवा वकिलाकडे, थेट कोर्टात नको. 'आमचा मुलगा निर्दोष आहे, त्याला अडकवलं' असं चुकूनही नको. त्याने गुन्हा कबूल केलाय, कबुलीचे ते तीन आकडे अशा पत्रांनी धोक्यात येतात. 'अत्यंत सुस्वभावी व होतकरू' हेही नको. त्याने केलेलं एखादं काम लिहा, तारखेसकट आठवत असेल तर उत्तम. आणि ज्यांचे पैसे गेले त्यांच्याबद्दल एक ओळ, मनापासून वाटत असेल तरच. मराठीत चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा.

तासगावचा_मामा

त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांनी दिलंय. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा दहावीच्या वर्षात हा रोज पहाटे म्हशीचं दूध घालून मग शाळेला यायचा, असं लिहिलंय.

ओसरी

हेच पाहिजे. तसंच राहू द्या. फक्त शाळेचा शिक्का वगैरे मारायची गरज नाही.

तासगावचा_मामा

शिक्का मारून झालाय. दोन ठिकाणी.